अक्षर लागत नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार पोचावा. तुझे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं मलम लावतेस, की कपाटात जपून ठेवलं आहेस? (जपून ठेवलं असशील तर सांगतो, त्याची मुदत गेल्या महिन्यात संपली.) मी बरा आहे, म्हणजे रक्तदाब सोडला तर, आणि तो काही मला सोडत नाही. घरच्या ग्रुपमधून तू रागावून बाहेर पडलीस त्याला आता चार महिने झाले. तू लिहिलेल्या एवढ्या मोठ्या आशीर्वादाला तुझ्या भाचीने, म्हणजे माझ्या लेकीने, ‘ओके’सुद्धा पूर्ण न लिहिता नुसतं ‘के’ असं उत्तर दिलं, हे तुला लागलं ते मला समजतं. छत्तीस वर्षं तू शाळेत मुलांकडून पूर्ण वाक्यात उत्तरं घेतलीस. तरी एक सांगतो, एकटा ‘के’ रागाचा असतो आणि जोडीने आलेला ‘केके’ प्रेमाचा. तिचा दुसरा ‘के’ बहुधा घाईत राहून गेला असावा. मी तिची बाजू घेत नाही, मी आता त्या भाषेतला जाणकार आहे. निदान होतो. ते कसं, हे सांगायलाच कागद घेतला आहे, कारण फोनवर काही लिहायचा माझा धीर गेला आहे.

तुला ठाऊकच आहे, माझं सगळं आयुष्य औषधांच्या दुकानात दुसऱ्यांचं अक्षर लावण्यात गेलं. आमच्या कोपऱ्यावरचे हाडांचे डॉक्टर तर चिठ्ठीवर नुसती रेघ ओढतात. ती शेवटी जरा वर गेली तर दुखण्याची गोळी आणि खाली गेली तर कॅल्शियम. (त्यांना स्वतःलाही ते वाचता येत नाही. मी काय लिहिलंय हो, असं त्यांनीच मला दोनदा फोन करून विचारलं आहे.) अशा माणसाला पोटच्या मुलीची एक ओळ लागू नये, हे लिहितानाही लाज वाटते.

झालं असं, की मी दुकानासाठी नवा पांढरा कोट शिवायला टाकला. शिंप्याने माप दुसऱ्याच कोणाचं घेतलं असावं, कारण बाह्या माझ्या बोटांच्या पुढे चार इंच गेल्या. त्या अवतारातला फोटो मी लेकीला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘मेले’, आणि पुढे दोन कवट्या. आता आमच्या धंद्यात कवटीचा अर्थ एकच, बाटलीत विष आहे. मी शटर ओढलं आणि धावत सुटलो. (आत खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एक बाई राहिल्यात, हे चौकात गेल्यावर आठवलं आणि परत यावं लागलं.) अकरा फोन केले, ती उचलेना. शेवटी तिच्या ऑफिसात लावला. तिची नोकरी मी तुला कधी नीट सांगितली नाही, कारण मलाच ती नीट सांगता येत नाही. एका बुटांच्या कंपनीत ती फोनवर लिहायचं काम करते, म्हणजे बूटच लोकांशी बोलतोय असं दाखवून दिवसभर गमतीचं लिहायचं. चोवीस वर्षांची मुलगी दिवसाला तीस विनोद करते आणि ते बुटाच्या नावावर जातात. तर तिथला वॉचमन माझा आवाज ऐकून घाबरला, थेट मीटिंगमध्ये शिरला आणि इथे कोण वारलंय, असं सगळ्यांसमोर विचारता झाला. तिने हात वर केला. संध्याकाळी तिने मला शांतपणे समजावलं, की बाबा, मेले म्हणजे हसले.

दुकानात मी पर्यायी औषधांची वही ठेवतो, तशीच एक वही मी घातली. डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ. ‘मेले’ म्हणजे हसले. ‘रडतेय’ म्हणजे आवडलं. ‘संपले मी’ म्हणजेही हसले, पण मेलेपेक्षा जास्त. नुसता अंगठा दाखवला तर तो अपमान. हसणारा पिवळा चेहरा फक्त म्हातारे पाठवतात, सबब पाठवू नये. (मग खरंच हसू आलं तर काय पाठवायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, कवटी.) वाक्याच्या शेवटी टिंब द्यायचं नाही, टिंब दिसलं की माणूस एक तर चिडलाय किंवा त्याचं काहीतरी बिनसलंय असं समजतात. एवढी विद्या घेऊन मी तयार झालो. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघं जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या दोन महिन्यांत बोललो. दुपारी दुकान रिकामं असलं की ती बुटाचे विनोद आधी मला पाठवायची आणि मी कवट्या मोजून द्यायचो, चांगल्याला तीन, बऱ्याला एक. मला ते फार आवडायचं, ताई.

त्या भरात थोडी फजितीही झाली. आमच्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेच्या चिटणिसांनी ग्रुपवर कळवलं, की अध्यक्षांच्या पायावर शस्त्रक्रिया झाल्यामुळे वार्षिक सभा पुढे ढकलली आहे. सभा टळली याचा आनंद सगळ्यांनाच झाला असणार, असं समजून मी तीन कवट्या पाठवल्या. पाच मिनिटांत अध्यक्षांच्या घरून फोन आला. (अध्यक्ष आता हिंडूफिरू लागले आहेत, माझं सभासदत्व मात्र विचाराधीन आहे.)

तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, मी फ्रिजमध्ये इन्सुलिनची खोकी लावत होतो. फोन वाजला. तिने लिहिलं होतं, ‘बाबा, मी खरंच संपले. आता नाही जमत.’ मी वही काढली. ‘संपले’ सापडलं. ‘नाही जमत’ वहीत नव्हतं, ते अंदाजाने लावलं. ‘मी पण’ असं लिहिलं आणि विनोद चांगला असणार म्हणून तीन कवट्या जोडल्या. थोड्या वेळाने तिच्याकडून एक कवटी आली. मी खूश होऊन पुन्हा खोकी लावायला लागलो.

दुकानात इतकी वर्षं मी एक नियम कधी मोडला नाही. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन लावायचा. भर गर्दीत, गिऱ्हाईक शिव्या घालत असतानाही मी फोन लावला आहे. त्या ओळीत ‘खरंच’ होतं. दोन वाक्यांच्या शेवटी दोन टिंबं होती, आणि टिंबाची नोंद वहीत माझ्याच हातची होती. मी फोन लावला नाही.

त्यानंतर तिचे विनोद यायचे थांबले. काही विचारलं की ‘मजेत’ एवढंच यायचं. काम वाढलं असेल, असं मी धरून चाललो. गेल्या गुरुवारी राहवेना म्हणून ऑफिसात फोन केला, तर तोच वॉचमन. त्याने माझा आवाज ओळखला. “काका, मॅडम आता येत नाहीत. दोन आठवड्यांवर झालं. त्या मंगळवारी दुपारी फोन बघत जिन्यात बसल्या होत्या बराच वेळ. मग उठून गेल्या त्या गेल्याच.” म्हणजे माझ्या तीन कवट्या तिने त्या जिन्यात बसून पाहिल्या.

रविवारी मी बसने तिच्याकडे गेलो. (तुझ्या घरावरूनच गेलो, आत आलो नाही. तू काय झालं म्हणून विचारलं असतंस आणि मला सांगता आलं नसतं.) तिसऱ्या मजल्यावर, तिच्या दारापुढे उभा राहिलो. एकदम दार वाजवलं तर ती गडबडेल म्हणून आधी फोनवर विचारलं, घरी आहेस का. आत तिचा फोन वाजला. मला स्पष्ट ऐकू आला. मग उत्तर आलं, ‘नाही बाबा मैत्रिणींसोबत बाहेर, मेले हसून’. आत कोणी हसत नव्हतं. मी ‘केके’ लिहिलं आणि जिना उतरलो. तिचं खोटं उघडं पडू नये म्हणून परत फिरलो, असं मी बसमध्ये स्वतःला समजावलं. खरं तर मी घाबरलो. दार उघडल्यावर काय दिसेल याची मला भीती वाटली, आणि ती भीती अजून गेलेली नाही.

असो. इकडचं बाकी ठीक. दुकान चालू आहे, लोक वेळच्या वेळी आजारी पडत आहेत. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे सगळं मी तुझ्या करमणुकीसाठी लिहिलं, असं वाटलं असेल तर तसं नाही. तू तिच्याकडे जा. तिचं घर तुझ्यापासून दोन स्टॉपवर आहे. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, हे तुझ्या गुडघ्यांची क्षमा मागून सांगतो. आधी कळवू नकोस. ‘के’चा विषय काढू नकोस.

ता. क. २. ती मजेत आहे म्हणाली तर उठू नकोस, बसून राहा. ती काय बोलते त्यापेक्षा कशी दिसते ते बघ. जेवते का, झोपते का ते बघ, आणि मला लांबलचक, पूर्ण वाक्यांत लिही.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, की पोस्टाने हे तुला चार दिवसांनी मिळेल. चार दिवस मला धीर निघणार नाही. म्हणून पोस्टात टाकत नाही. उद्या सकाळच्या पहिल्या बसने मीच निघतो आणि जाता जाता हे तुझ्या दाराखालून आत सरकवतो. तुझी झोपमोड करत नाही. वाचून झालं की तिच्याकडे ये. तोवर मी तिचं दार वाजवत असेन.