मुरलीधराची पाळी

१ मे
सकाळच्या गाडीनं अमरावतीहून अकोला. दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर धूर नको, डोक्यावरून पाणी नको. आणि नेमकी मे महिन्यात देवळातली पूजेची पाळी आमच्या घराची. एक दिवस जरी चुकला तरी चुलतभाऊ नाना पाळी घेणार, नि नानानं घेतलेली वस्तू परत आलेली कुणी पाहिली नाही. म्हणून मी. पेपरातून रजा. पुरुषसूक्त पाठ, श्रद्धा शून्य. दादाला तसं सांगितलं.
"देवाले पूजा पाह्यजे, तुह्यं मत नाही."

४ मे
शास्त्रात देवाचे उपचार सोळा. जुन्या शहरात सतरावा निघालाय : फोटो. पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त साहेब रोज सातला येतात, गळ्यात 'सेवेकरी' असं ओळखपत्र. एक पायरी झाडतात, बायको फोटो काढते, संपलं. बाकीच्या पायऱ्या अनसूयामावशी झाडते. सत्तरी उलटलेली, गल्लीच्या टोकाला एकटीच राहते.
"मावशी, मुरलीधर पगार देतो का काही?"
"देते न भाऊ. तुमच्या पेपरापेक्षा येळेवर देते."


८ मे
साहेबांनी गाठलं. "पंडितजी, सेवेतला आनंद शब्दांत सांगता येत नाही." मग पाऊण तास सांगितला. बातमी लावा म्हणाले. फोटो आहेतच.
अभिषेकवाले दूध ओततात नि रिकामी पिशवी देवाच्या पायाशी ठेवून जातात. त्याग म्हणतात तो हाच.

१३ मे
लिहायचं नव्हतं.
पावणेबारा. मी सोवळ्यात, हातात नैवेद्याचं झाकलेलं ताट. मावशी पायऱ्या धूत होती. घसरली, माझ्या समोरच. उठेना.
"भाऊ, हात द्या जरा."
"आलोच, मावशी."
आणि वळसा घालून वर गेलो. शिवलो असतो तर पुन्हा अंघोळ, पुन्हा स्वयंपाक, बारा टळले असते... असा विचार केला असता तरी बरं. केलाच नाही. पाय आपोआप वळले. पडदा ओढून, डोळे मिटून बसलो, देवाचं जेवण होईपर्यंत. पूर्ण वेळ. ज्याला मी मानत नाही, त्याचं.
बाहेर आलो तर साहेब तिला ऑटोत बसवत होते. विसरलेला चष्मा न्यायला आले होते म्हणे. फोटो काढायला कुणी नव्हतं.

१४ मे
खुब्याचं हाड मोडलं. दादाला सांगितलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, तोंड भिंतीकडं.
"ताट खाली ठेवाले काय झालं होतं?"
"सोवळं."
"मी पाच-सहा वेळा मोडलं असंन. साखरेची वाटी दाखवली, म्हटलं आज हेच. काही नाही म्हणत तो. तुह्यी त्याच्याशी ओळखच नाही."

१७ मे
दवाखान्यात. साहेब मोसंबी सोलत होते. ओळखपत्र घालूनच. तरीही माझ्यापेक्षा बरे, हे लिहिताना जिवावर येतंय.
मावशीनं पहिलं हेच विचारलं, "त्या दिवशी निवेद येळेवर झाला ना?"
"झाला."
"मंग बरं. मले वाटलं, माह्यापायी खोळंबला."
चिडली असती तर सोपं होतं. क्षमापनस्तोत्र अख्खं येतं मला. रोज म्हणतो. देवापुढं. तिच्यापुढं एक शब्द फुटला नाही.

१८ मे
मावशीचं ऑपरेशन उद्या अकराला. सही करायला आणि बाहेर बसायला घरचं माणूस हवं. "भाऊ येतीन," म्हणजे मी, असं तिनं नर्सला परस्पर सांगून टाकलंय. साहेब आज पुण्याला गेले, लेकीकडं.
अकराला गेलो तर बाराला देवळात पोचत नाही.
संध्याकाळी नानाचा फोन. बातमी त्याला माझ्याआधी कळते. "अडचण असंन तं उद्यापासून मी पाहून घेतो न पूजेचं. सांग फक्त."
दादा आतून ऐकत होता. खोकला नाही, हाक मारली नाही.
सांगतो, म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.