सहा पोती धानाची फी

१२ जानेवारी
आज धान गोळा झालं. पंपामागे एक कुडो, हे आमच्याकडचं धानाचं माप. शेजारचे उदेलालजी मोजायला बसले — मापाच्या बाबतीत म्हातारा सख्ख्या भावालाही सोडत नाही! सहा पोती भरली. ही टिकेशची फी. बिरसी गावचा पोरगा, इंजिनीअर, अजून नोकरी नाही.

वीज कंपनी म्हणते, सालेकसा तालुक्यातला प्रत्येक पंप दिवसाला चौदा तास चालतो. त्या हिशेबाने दर वाढवून मागते. आमच्याकडे वीजच आठ तास असते! हे वीज आयोगासमोर आकड्यांनी मांडणार कोण? ग्राहक प्रतिनिधी मी आहे खरी, पण शिक्षण बारावी आर्ट्स. म्हणून टिकेश.

२३ जानेवारी
नागपूरला पहिली सुनावणी. टिकेशने फीडरवर वीज किती तास होती त्याच्या नोंदी तारीखवार वाचून दाखवल्या. कंपनीचे साहेब नुसते पाणी पीत बसले. उत्तर द्यायला त्यांना १८ मार्च मिळाली.

परतताना टिकेश म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी धान नोको. घरी ठेवाले जागा नाई." दोघंही हसलो. त्याला रोख हवी आहे, हे मात्र कळलं.

२७ जानेवारी
प्रतिनिधीला तज्ज्ञाची फी आयोगाकडून परत मिळते म्हणे! अर्ज आणला. फीच्या रकान्यात लिहिलं — सहा पोती धान, पोचलं. खाली टिकेशची सही.

उदेलालजी चिडले. "धान विकून रोख दिल्याची मिलवाल्याची पावती लाव ना बाई! एवढी खरी काऊन होऊन राहिली?"

मग कंपनीच्या आकड्याला खोटं कोणत्या तोंडाने म्हणू? तसाच पाठवला.

९ फेब्रुवारी
उत्तर नाही.

२१ फेब्रुवारी
आलं. "प्रतिनिधीने प्रत्यक्ष रक्कम अदा केल्याचे दिसून येत नाही. सबब मागणी अमान्य."

म्हणजे धान दिलं, ते देणंच नव्हे! कंपनीच्या वकिलाची फी खर्चात, तो खर्च दरात, दर आमच्या बिलात. त्यांचा वकील, आमचा तज्ज्ञ, दोघांनाही पोसायचं आम्हीच. त्यात आमचा तेवढा उपाशी.

"सांगलो होतो ना," उदेलालजी म्हणाले. पुन्हा धान मागायला कोणाच्या दारात जायची हिंमत नाही.

४ मार्च
टिकेशला दोनदा फोन केला. उचलला नाही. दुपारी त्याचाच आला.

"काकू, नोकरी लागली. कंपनीतच." "मे महिन्यात लगन हाये. पोरीवाले नोकरी पाहूनच हो म्हणले."

अभिनंदन केलं. मनापासून केलं. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. पोराला काय बोल लावू? रोख द्यायला आम्हाला जमलं नाही, त्यांना जमलं.

१२ मार्च
टिकेशने करून ठेवलेले हिशेबाचे कागद सुनावणीत स्वतःच वाचायचे ठरवलं. तीनदा मोठ्याने वाचले. अर्धं कळलं.

१८ मार्च
सुनावणी. टिकेश समोरच्या बाजूला, नव्या शर्टात. माझ्याकडे पाहिलं नाही. मी कागद वाचले, दोन ठिकाणी अडखळले.

कंपनीच्या वकिलाने सगळंच खोडून काढलं. म्हणाला, अडाण्यांनी केलेला हिशेब! अध्यक्षांनी टिकेशला उभं केलं. "तुम्ही इंजिनीअर आहात. यांचे आकडे चूक आहेत का?"

त्याचे साहेब त्याच्याकडे बघत होते.

"नाही सर," टिकेश म्हणाला. "मीच काढले आहेत."