मुकी नळी

वलवण, ता. ४ डिसेंबर १९२६

आज पुन्हा बंदुकीचे तीन बार! तिसऱ्यासरशी मेहमुदेच्या हातातील वाटी पडली. डॉक्टरांनी बजावले आहे — हृदय दुबळे, दचकणे घातक. चाळीस वर्षे वर्गात शांतता मागितली की मिळत असे. आता पत्नीच्या जिवासाठी मागतो, तर मिळत नाही.

ता. ६

बंगल्यावर उतरलेल्या शिकारी बॅरिस्टरांना भेटलो. बंदुकीच्या तोंडाशी बसवावयाची, आवाज गिळणारी नळी त्यांच्यापाशी आहे. वापरण्यास कचेरीची परवानगी हवी. "अर्ज तुम्ही लिहा, मास्तर. तुमच्या मराठीपुढे कारकून उठून उभे राहतात." स्तुती खरी होती, म्हणून गोड लागली.

ता. ७

अर्ज लिहीत असता ठाकरवाडीचा कान्हू सरपण घेऊन आला. त्यास नळीविषयी सांगितले. हसला. "मुकी बंदूक? मंग आमी कुकारा कवा घालायचा, आबा?"

रानात कंद खणणारी माणसे पहिला बार ऐकताच कुकारा, म्हणजे लांब हाळी, घालतात. मग त्या बाजूस कोणी नेम धरीत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज.

"पैला बार म्हंजी आमची घंटा. तुमच्या साळंवानी!"

मुद्दा रास्त होता. परंतु तो अर्जात घातला असता तर अर्ज लंगडा पडता. वगळला. उलट लिहिले — "वाडीतील लोकांची यास हरकत नाही." घोटीव वाक्य!

ता. १६

परवानगी आली.

ता. १९

दिवसभर एकही बार नाही. मेहमुदा दुपारी दोन तास झोपली. "शिकारी गेले वाटतं?" मी होकार दिला. किती दिवसांनी हसली!

ता. २०

कान्हूची बायको बाया गेली. काल दुपारी कारवीच्या झुडपांत कंद खणीत होती. सोबतिणींना वाटले, दम खात बसली आहे. "ऊठ की गं रानी, लय आराम झाला!" असे म्हणून एकीने खांदा हलविला, हात रक्ताने भरला.

कुकारा कोणीच घातला नव्हता. बार कोणीच ऐकला नव्हता.

ता. २२

अर्जाची नक्कल चार वेळा वाचली. एकही चूक नाही!

ता. २३

कान्हू आला. ओट्यावर बसला नाही. "आबा, ती नळी बंद कराया अर्ज लिवून द्या. वाडीची हरकत न्हाई असं कुनीतरी लिवलंय म्हनं. कुनाला ईचारलं त्यानं?"

"उद्या ये," एवढे म्हणून मी दौतीचे झाकण लावले.

"उद्या येतो. तुमच्यावानी कुनी लिवत न्हाई."

मेहमुदेने आतून सारे ऐकले. तिच्यापाशी सर्व कबूल केले. ती म्हणाली, "लिहून द्या त्याला. मी कानांत कापूस घालीन. मलाही विचारलं नाहीत तुम्ही."

ता. २४

अर्ज लिहिला. कान्हूला वाचून दाखविला. पहिले वाक्य — "वाडीची हरकत नसल्याचे मागील विधान खोटे असून ते मीच लिहिले."

कान्हू म्हणाला, "परत वाचा, आबा."