चौथा थर

४ मार्च, मंगळवार

लेक आली. बॅग ठेवली न ठेवली तोच परसात! आईला भेटली नाही, मला भेटली नाही — थेट बोटीला भेटली. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणते, "बाबा, हिचा तुकडा हवाय मला."

बोट म्हणजे अख्खी नव्हे. फुटलेल्या बोटीचा पुढचा अर्धा भाग. उलटा करून चार खांबांवर चढवलाय, त्याच्या सावलीत आमची ही कपडे धुते. पण आहे माझ्या हातची! काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं, राळ पाजायची, रोलर फिरवायचा, की पुन्हा कापड. असे चार थर. एकदा वाळलं की घण घाला, हूं की चूं नाही.

लेक रसायनशास्त्रातली डॉक्टर. काम काय, तर असलंच टणक झालेलं सामान — पवनचक्क्यांची पाती, टाक्या, बोटी — घ्यायचं, राळ विरघळवायची आणि आतलं कापड सोडवून पुन्हा वापरात आणायचं. बापाने आयुष्यभर चिकटवलं, लेकीला ते सोडवायचा पगार!

मी म्हटलं, नाही.

५ मार्च

नाही म्हणजे नाही.

६ मार्च

ही म्हणाली, "द्या की! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला नाही कधी एवढं जपलंत."

मुकाट्याने करवत काढून दिली.

दोन तुकडे घेतले. एक मधला, धडधाकट. दुसरा फुटलेल्या कडेचा. "तो कशाला?" असं माझ्या तोंडून निघून गेलंच. "जुनं, उन्हाने खाल्लेलं, फुटलेलं — असलंच हवं असतं आम्हाला," म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली की काय कोण जाणे.

१० मार्च

लिहूनच टाकतो. वही बरी, उलट बोलत नाही.

शेड आम्हा दोघा भावांची होती. मी कापड अंथरायचो, धाकटा राळ कालवायचा. ही बोट चाचणीला तलावात घातली, पाच माणसं बसवली, आणि मधोमध पोहोचली तशी टर्रकन फाटली. माणसं वाचली. एकाचा हात मोडला. काठावर, सगळ्यांदेखत, मी धाकट्यावर ओरडलो — "राळ कच्ची ठेवलीस तू!" चौकशी झाली. तिथे त्याने स्वतःच कबूल केलं, हो, राळ कच्ची राहिली. झालं! आणखी काय पुरावा हवा? त्याचा परवाना गेला. या धंद्यात पुन्हा कुणी त्याला दारात उभं केलं नाही. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला किल्ल्या बनवून देतो म्हणे.

एकतीस वर्षं झाली. बोलणं नाही.

१३ मार्च

लेकीने प्रयोगशाळा दाखवली. मला पांढरा कोट घालायला लावला! पोटावर बटण लागेना. "बाबा, कोट माणसांसाठी शिवलाय, टाक्यांसाठी नाही." बापाशी बोलायची ही रीत!

जाड झाकणाचं एक भांडं. त्यात औषधी पाणी, त्यात माझे दोन तुकडे. वर उष्णता आणि दाब.

"म्हणजे कुकर!" मी म्हटलं.

"साडेतीन वर्षं शिकलेय मी या कुकरवर," ती म्हणाली. जाळलं की धागे कमकुवत होतात, म्हणून जाळायचं नाही. राळेच्या कणांनी एकमेकांचे हात धरलेले असतात, ते हात तेवढे सोडवायचे. कापडाला कळूसुद्धा द्यायचं नाही.

मी म्हटलं, "माझं काम आहे ते. तुझ्या पाण्याला दाद देणार नाही."

पैज लागली. हरणाऱ्याने महिनाभर भांडी घासायची. ही एकदम खूश — कुणीही हरो, तिची भांडी सुटली.

१४ मार्च

हरलो.

झाकण उघडलं तर काय! राळ गेली, तळाला चहाच्या रंगाचं पाणी, आणि कापड — तेच कापड! पांढरंशुभ्र, वीण न् वीण शाबूत. जसं मी गुंडाळीतून कापून घेतलं होतं तसं. बोटांना लगेच ओळख पटली. डोळ्यांत पाणी आलं. औषधाच्या वासाने, असं लेकीला सांगितलं.

तिने चिमट्याने मधल्या तुकड्याचे थर सुटे करून मांडले. एक, दोन, तीन, चार.

मग कडेच्या तुकड्याचे. एक, दोन, तीन.

पुन्हा मोजले. मीही मोजले. भांड्यात हात घालायला निघालो, तिने मनगट धरलं.

"विरघळला असेल एखादा," मी म्हटलं.

"काच विरघळत नाही यात, बाबा."

फाटली तिथे चौथा थर नव्हताच. अंथरणारा मी. राळ दोन्हीकडे एकाच बादलीतली, आणि चार थर आहेत तिथे बोट अजून अभंग आहे. आज एकतीस वर्षं ही तिच्याखाली कपडे धुतेय! एक पट्टी राहिली माझ्याकडून. कशी राहिली, काही केल्या आठवत नाही. तेव्हा कडेकडे मी पाहिलंसुद्धा नाही. बघायचं काय होतं — माझा हात चुकतो थोडाच!

लेक परतताना एकदाही चिडवेना. तेच जास्त लागलं.

१५ मार्च

भांडी घासली. ही म्हणाली, "एक ताट तीनदा घासताय. जा एकदाचे त्याच्याकडे."

१६ मार्च

शर्ट बदलला. बसस्टॉपपर्यंत गेलो. परत आलो. हिने दार उघडून फक्त "लवकर आलात!" म्हटलं.

१७ मार्च

गेलो. टपरीएवढं दुकान. केस पांढरे झालेत त्याचे. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "चूक माझी होती. थर तीनच होते."

त्याने कानस थांबवली नाही. "माहीत आहे, दादा. मी तेव्हा काठावरच मोजले होते."

"मग चौकशीत खोटं का बोललास?"

"दोघांपैकी एकाला धरणारच होते. तुझी मुलगी चार दिवसांची होती."