हजेरीतलं इंगो

भंडारा, ता. ९ फेब्रुवारी १९७९

ती. ताराचंददादास,
धाकट्या रुखमाचा नमस्कार. होस्टेलात मी बरी आहे. चिखल्याच्या खदानीत तुझी पाळी बदलली का? वहिनीचा खोकला कसा आहे, ते कळव.

परीक्षेचा फार्म काल भरला गेला. तू म्हणशील, यात सांगण्यासारखं काय? दादा, मंगळवारी मी घरी यायले पेटी भरून ठेवली होती. दिवाळीत "कालेज मस्त चालू आहे" म्हणलं, ते खोटं होतं. रागावू नको, नाहीतर पुढचं सांगतच नाही.

जुलैत पहिल्याच हजेरीले सरांनी माझा नंबर पुकारला अन् माझ्या तोंडून आपल्या गोंडीतलं "इंगो" निघालं. घरी आईच्या हाकेले देतो तसं. अख्खा वर्ग खिदळला. दुसऱ्या दिवसापासून पोरं मलेच "इंगो" म्हणून राहिली. मग मी हजेरीले तोंडच उघडलं नाही. रोज मागच्या बाकावर बसायची, सारं लिहून घ्यायची, अन् पटावर गैरहजर.

मंगळवारी नोटीस लागली. हजेरी कमी, फार्म मिळणार नाही.

होस्टेल सांभाळणाऱ्या केशरबाईंनी पेटी पाहिली. "काहून चालली?" म्हणून खोदून खोदून विचारलं, अन् हाताले धरून सरांकडे नेलं. सरांनी माझी वही मागितली. दर तासाची तारीख टाकलेली होती. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी. मी कधी मान वर करून पाहिलंच नाही." प्राचार्यांकडे स्वतः गेले.

आज मी "हजर सर" घोकून गेली होती. निघालं इंगोच. मागून कोणीतरी हसलं. सरांनी अर्थ विचारला. म्हणलं, "होय." "मग झालं तर," म्हणाले अन् पटावर हजेरीची खूण केली. आता दर शनिवारी एक तास आम्हा चार गोंड पोरापोरींले, जे समजलं नाही ते विचारायले बोलावलं आहे. जीव हलका झाला दादा. आज दोनदा भात मागून घेतला.

एक विचारू? चौथीत शाळा सोडली तेव्हा तू म्हणाला होतास, आपलं डोकं चालत नाही. मी आजवर ते खरं मानलं. तुले कोण हसलं होतं दादा? कोणत्या शब्दाले? मले लिही. मी हसणार नाही.

तुझी,
रुखमा