चौथ्या ताऱ्याची अट

सोमवार, ३
सुनेमुळे ही वही धरावी लागली. रोज फोनवर तक्रारी ऐकवू नका, लिहून ठेवा, रविवारी घ्यायला आलो की एकदम वाचू, असं तिचं म्हणणं. त्यांच्या घरी रंगकाम चाललंय, म्हणून आठवडाभर माझी सोय हॉटेलात. चिरंजीव म्हणाले, आई, चार तारे आहेत, आणखी काय पाहिजे?

कबूल करते, आल्यावर बरं वाटलं. पाचव्या मजल्यावरची खोली, कडक इस्त्रीच्या चादरी, नळाला गरम पाणी, खिडकीतून अख्खं शहर. एकोणतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. पलंगाखाली बोट फिरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. बोटाला धूळ लागली नाही. मॅनेजरला तसं सांगितलं. मॅडम, तुमच्यासारखी माणसं हवीत, असं तो म्हणाला.

मंगळवार, ४
तारे नेमके कशाचे, हे मॅनेजरला विचारलं. त्याने श्रेणीचा तक्ताच हातात दिला. तारे चांगुलपणाला मिळत नाहीत, वस्तू मोजून मिळतात. लिफ्ट आहे का, आरसा केवढा, खोलीत फोन आहे का. तो लागतो का, हे कुणी विचारत नाही. माझा लागत नाही.

चौथ्या ताऱ्याची अट अशी: दर मजल्यावर चोवीस तास एक सेविका बसलेली हवी. जिन्याने उतरताना पाहिलं. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर खुर्ची, खुर्चीत माझ्याच वयाची बाई. फक्त आमच्या पाचव्यावर खुर्ची रिकामी. तिथल्या बाई गेल्या महिन्यात वारल्या, शुक्रवारी तपासनीस यायचाय आणि माणूस मिळत नाही, असं मॅनेजरचं रडगाणं. नेमणुका वेळेवर करायच्या असतात, असं मी सुनावलं.

बुधवार, ५
चौथ्या मजल्यावरच्या बाईंशी बोलले. त्याही आठ दिवसांसाठीच आल्या होत्या म्हणे. मुलाच्या घरी फरशी बदलायची होती. कधी, असं विचारलं तर वर्षं बोटांवर मोजू लागल्या. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी मोजतच राहिल्या. त्यांच्या शालीची किनार कुठे संपते आणि खुर्चीचं कापड कुठे सुरू होतं, ते मला दिसेना. चष्मा पुसून पाहिलं. तरीही नाही.

गुरुवार, ६
मुक्काम हलवायचा म्हणून बॅग भरली. रिसेप्शनवर सांगितलं गेलं की खोली मुलाच्या नावावर आहे, सोडायची तर त्यानेच सांगायला हवं. तिथूनच त्याला फोन लावला. सुनेने उचलला. वहीत लिहा म्हणाली.

शुक्रवार, ७
तपासनीस अकराला आला. पाचव्यावरची खुर्ची रिकामीच. रिकामी जागा मला बघवत नाही, ही खोड जुनी. परीक्षेला पर्यवेक्षक आले नाहीत तर मी स्वतः जाऊन बसायची. तशीच बसले. दोन मिनिटांपुरती. त्याने विचारलं, मजल्यावर खोल्या किती, आग लागली तर वाट कोणती. मी खडान्खडा सांगितलं. अशी बाई एकाही मजल्यावर नाही म्हणाला, आणि कागदावर खूण केली.

मला बरं वाटलं. खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते.

शनिवार, ८
अजून खुर्चीतच. अंगावरची शाल खुर्चीपासून सुटत नाही. ओढली तर दुखतं — शाल ओढली तर मला का दुखावं?

माझ्या खोलीत दुसऱ्या कुणाचं तरी सामान लावताहेत. मॅनेजर येऊन सांगून गेला, एकदा मोजणीत धरलं की पुढच्या तपासणीपर्यंत जागचं हलवता येत नाही. आजवर मॅडम म्हणायचा. आज मावशी म्हणाला.

उद्या रविवार. उद्या मुलगा—

रविवार, ९
आले. दोघंही. मी हाक मारली — आवाज निघतो माझा, मला ऐकू येतो — मुलगा खाली बघत राहिला. सून म्हणाली, बघ, किती छान रमल्यात. वही कुणी मागितली नाही.

मॅनेजरने कागद पुढे केला, मुलाने उभ्या उभ्या सही केली. प्रत माझ्या मांडीवर ठेवली आहे. हात चालतोय तोवर उतरवते.

सुपूर्द: पाचवा मजला.
बॅग एक.
औषधांची डबी एक, गोळ्या आजच्यापुरत्या.
आई एक, चालू स्थितीत.
देणार: मुलगा. घेणार: हॉटेल.
परत नेण्याची तारीख:

तिथे त्याने काहीच—