टीव्हीच्या मागचं खोबरेल

रेवदंडा, रविवार संध्याकाळ

दोष माझ्या पीसीत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. गेमिंग पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडला, तर पडद्यावर नुसतं ‘नो सिग्नल’. आणि मित्र मॅच खेळायला येऊन बसलेले! केबल बदलली. पीसी माझ्या मॉनिटरला लावला, तिथे मस्त चालला. म्हणजे टीव्हीच. केबल लावायच्या जागी बोट फिरवलं तर तेलकट. खोबरेल?

आई म्हणाली, “खाऱ्या हवेने गंजतं रे. कडी-कुलपांना लावते, तसं लावलं.”

धावत जाऊन स्पिरिट आणलं, टीव्ही पुसला. तरी ‘नो सिग्नल’. आता खोबरेलाचा वास पीसीच्या मागून येत होता.

“तू बाहेर गेलास ना, तेवढ्यात त्यालाही लावून घेतलं.”

दोष पीसीत नव्हता. आता आहे.